अस्वल कोणत्या पानावर आलं

वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की मला माझी साठी आठवते. तेव्हा मी कोवळीच होते आणि अक्कलही बेताचीच. नातीने भुताची नवी कादंबरी हातात दिली, तर मी नाक मुरडलं, "आजकालचे भुतं मोबाइलात लपतेत, ते मले काय भेव दाखवतीन?" ती म्हणाली, "भेलीस तं मी देईन तेच पुस्तकं वाचा लागतीन तुले." दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं वेचायची सोडून मी मोहाच्या खोडाला टेकून वाचत बसले. गोष्टीतल्या बाईच्या मानेवर थंडगार बोट टेकलं, आणि नेमकं तेव्हाच वरून एक ओलं मोहफूल माझ्या पोलक्यात शिरलं. मी किंचाळत, टोपली उडवत पळाले. फुलं वेचणाऱ्या बाकीच्या बायांना वाटलं, मोह खायला अस्वलच आलं. "अस्वल आलं व माय!" करत त्याही माझ्यामागे गावाकडे सुटल्या. गावात मी त्या अस्वलाच्या नखांचंसुद्धा वर्णन करून सांगितलं. नात तेवढी कानाशी येऊन पुटपुटली, "आजी, अस्वल कोनत्या पानावर आलं व?" तेव्हापासून तिच्याच पसंतीचं वाचते, पाणी संपलेल्या शहरांच्या आणि मेलेल्यांच्या फोनच्या गोष्टी. आजची भुतं झकास असतात, पण हे तिला मी अजून कळू दिलेलं नाही.