बाबांचा माफीनामा

दिवाळीला भावंडं जमली की माझ्या शाळेचे किस्से निघतात. दरवर्षी एखादा वाढतोच. न घडलेलेही माझ्या नावावर खपतात. ऐकून ऐकून थकले मी. आता कुणी समोर धडधडीत चुकीचं बोललं तरी मान डोलावते. भांडायला दम लागतो, आणि माझा सगळा शाळेतच संपला. त्यात हाल झाले बाबांचे. मिलमध्ये त्यांची रातपाळी. शाळेतून बोलावणं आलं की झोप टाकून यायचे.

पहिलीत नाव घालायचं, तर डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता यायला हवा. माझा हात पुरेना. मी मान वाकडी करून धरला! बाई म्हणाल्या, मान सरळ ठेव. मी म्हटलं, हे आधी सांगायचं होतं. बाईंनी कंटाळून नाव लिहून घेतलं.

चौथीत मी संत्रं हिरवं रंगवलं. ड्रॉइंगच्या सरांनी भोपळा दिला. दुसऱ्या दिवशी बाजारातलं हिरव्या सालीचं संत्रं त्यांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी सोललं, खाल्लं, गोड आहे म्हणाले. मार्क काही वाढले नाहीत!

पाचवीत भूगोलाचे सर म्हणाले, नागपूर देशाच्या बरोब्बर मध्यावर. मी दोऱ्यानं नकाशा मोजला, मध्य भलतीकडेच निघाला. सरांनी वर्गाबाहेर काढलं. तासाभरानं आत बोलावलं, तर मी जाईना. आधी मोजा म्हटलं. एप्रिलचं ऊन. शेवटी बाबा आले. वाटेत एवढंच म्हणाले, "मले एक दिवस झोपू दे वं."

सातवीत तपासणी होती. इन्स्पेक्टरसाहेबांपुढे हेडमास्तर स्वतः गणित सोडवत होते आणि फळ्यावर गुणाकार चुकला. मी उभं राहून सांगितलं. साहेब हसले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बाबांना बोलावलं आणि माझ्यापुढे कागद ठेवला. माफी लिही, नाहीतर दाखला घेऊन जा.

आमच्या वस्तीतून सातवीपर्यंत पोचलेली मी एकटीच मुलगी. शाळा सुटली तर पुढे काय, ते मला ठाऊक होतं. रडू फुटत होतं, पण हात कागदाकडे जाईना.

"चूक त्यांची, माफी मी काहून मागू?" मी बाबांना विचारलं.

"तुयं बरोबर होतं?"

"हो."

"मंग आण तो कागद इकडे."

एकेक अक्षर लावत त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि बाकावर जाऊन बसले. हेडमास्तरांनी कागद मोठ्यानं वाचला. मुलगी बरोबर आहे. त्याबद्दल माफी असावी.

त्यांनी वर पाहिलं. बाबा बसल्या बसल्या झोपले होते.

"वर्गात जा," हेडमास्तर हळूच म्हणाले. "त्यांना उठवू नको."