शिट्ट्या मोजणारे शेजारी

सोमवारी मोहोपाड्याजवळच्या एका औषध-प्रयोगशाळेतील निर्जंतुकीकरणाचे यंत्र बंद पडले. जबाबदार, देखभाल अधिकारी. मंगळवारी, चाचणीत वापरलेले यीस्ट तसेच मोरीत ओतण्याचा तोंडी हुकूम निघाला, जबाबदार, प्रयोगशाळाप्रमुख. शुक्रवारी माझ्या शेजाऱ्यांना नोटीस मिळाली, जबाबदार, व्यवस्थापक.

हे शेजारी दहिवलीचे, त्या प्रयोगशाळेत मदतनीस आहेत. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नोकरी जायची. बोलताना ते तळहात सपाट धरतात, जणू त्यावरची काचेची थाळी हिंदकळेल. घरी परतल्यावर अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतल्याखेरीज उंबरा ओलांडत नाहीत.

तिथले यीस्ट जनुके बदलून घडवलेले आहे. उपयोगी औषधी द्रव्य लागू पडले की ते चमकते. चाचणी संपल्यावर ते त्या यंत्राच्या वाफेत मारूनच टाकावे, असा नियम आहे.

"पावात असतं तेच आहे, ओत रे," प्रयोगशाळाप्रमुख साहेब म्हणाले. आमच्या शेजाऱ्यांनी ओतले नाही. घरचा प्रेशर कुकर नेऊन एकेक खेप वाफेवर मारली. परवानगीविना उपकरण आणले, हा म्हणे त्यांचा गुन्हा!

मी तक्रार लिहितो म्हणताच ते हसले. "काका, तुमी पत्रं लिवा, मी शिट्ट्या मोजतो." मग हळूच विचारले, "काढतील का वो मला?"

 याचे उत्तर व्यवस्थापकांनी द्यावे, प्रवेशद्वारावरील फलकावर, लेखी आणि सहीनिशी, आणि हेही सांगावे: नियम मोडला कोणी, ओतायला सांगणाऱ्याने की न ओतणाऱ्याने?