अक्काच्या गुडघ्याएवढं झाड

माघात अमरावतीहून परतलेल्या एका गाडीवानाने शाळेच्या दारातूनच सांगितलं, "मास्तर, तुमची अक्का गेली." अकोल्याहून मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. परसात तिचं झाड मात्र चांदीसारखं चमकत उभं होतं...

बऱ्याच वर्षांपूर्वी एका साहेबाने बंगला सोडताना ते रोप कुंडीसकट भाऊजींना दिलं होतं. तो त्याला युकॅलिप्टस म्हणे, अक्का 'चांदीचं झाड' म्हणे. गोल, रुपेरी पानं, वर भुकटीचा पातळ थर. मी बोट फिरवलं की ती हात झटकायची. "पुसू नोको रे बापू, चांदी हाय त्याची."

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे लोक अंगणातल्या तुळशीपर्यंत कपाशी पेरू लागले. भाऊजी कापसाचे दलाल, त्यांना परसाची ती जागा सलायची. अक्का म्हणाली, "साऱ्या वऱ्हाडात कापूस हाय. माह्याच दारात कावून पायजे?"

झाड उंच झालं तशी शेंड्याची पानं लांबट, हिरवी येऊ लागली. अक्काला वाटलं, नजर लागली. तिने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, मुळाशी ताक ओतलं. भाऊजी हसले, "आता त्याले भाकर बी चार." त्याच उन्हाळ्यात कापसाची गाडी मागे घेताना बैल बिचकले आणि झाड गुडघ्याएवढ्या उंचीवर मोडलं. ती दिवसभर जेवली नाही. खुंटाला शेण लिंपून बसली. पाऊस पडल्यावर त्याच खुंटातून पुन्हा गोल, रुपेरी पानं फुटली.

तेव्हापासून दर फाल्गुनात ती विळा घेऊन खोडाला आपला गुडघा टेकवायची आणि तिथूनच वरचं सगळं छाटायची. दसऱ्याला आपट्याच्या पानांवर त्याचं एक पान ठेवून म्हणायची, "सोनं तर सारेच देतात. माही चांदी घे."

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. फाल्गुन सरत आला होता आणि भाऊजी झाडाला कुणाला हात लावू देत नव्हते. "तिच्या हातचं हाय ते." शेंड्याला दोन पानं लांबट झाली होती. मी ती दाखवली. ते आत जाऊन तिचा विळा घेऊन आले. "तू काप, बापू. मले नाही जमनार."

कुठून कापावं, मला कळेना. भाऊजींनी गुडघा टेकवून पाहिला. तो फार वर आला. माझाही तसाच. मग ते खाली बसले आणि खोडावरून हात फिरवू लागले. एका जागी हात थांबला. दरवर्षीच्या कापण्याने तिथे जाड, खरबरीत गाठ धरली होती.

"हे पाय," ते म्हणाले, "एवढीच होती ते."

मी गाठीच्या जरा वरून कापलं. भाऊजींनी शेण लिंपलं, पण गाठ उघडीच ठेवली.