आजच्या दिवसाची बाई

आमची शाळा शेंद्र्याच्या पुढं. पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि शिकवायला मी एकटी. जोडीचे गुरुजी बदलून गेले, त्यांच्या जागेवर कुणी आलंच नाही. शिक्षक मागून मागून माझं तोंड दुखलं. पहिलीची लेकरं शाळेत येऊन बसत होती, पण एक अक्षर ओळखत नव्हती. अक्षर शिकवायचं तर लेकराजवळ बसावं लागतं. बसायला मला फुरसत कुठं होती?

शिक्षक दिनाला मोठी पोरं बाई होतात, गुरुजी होतात, तसं आमच्याकडंही होतं. चौथीतली एक पोरगी आईची साडी नेसून, पिना टोचून आली. तिला पहिलीचा वर्ग दिला. तेवढ्यात केंद्रप्रमुख साहेब आले, सोबत सरपंच, हातात शाल-श्रीफळ.

"बाई, आज तुमचा दिवस!"

"साहेब, शालींनी कपाट भरलंय. एक शिक्षक द्या."

"वरून आदेश आला की बघू ना," ते म्हणाले. माणूस वाईट नाही, त्यांच्या तरी हातात काय आहे? पूर्वी मला या उत्तराचा संताप यायचा. आता तोही येत नाही.

पोरगी कशी शिकवते ते बघायला आम्ही पहिलीच्या दारात उभे राहिलो. ती फळ्याकडं फिरकलीच नाही. कंपासपेटी मोबाइलसारखी डोळ्यांसमोर धरून लेकरांवर ओरडत होती, "ए, हलू नका! खिचडीचा झाला, आता तुमचा फोटो!" मग पेटी कानाला लावली. "व्हय सर, ग्रुपवर टाकते सर. नेट नाय सर."

सरपंचांना हसू आवरेना. साहेबांनी तिला विचारलं, "अहो बाई, शिकवणार कधी?"

"फोटो गेल्यावर, सर," पोरगी अगदी गंभीरपणे म्हणाली. "ते लई अर्जंट असतंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अगं बाई, हुबेहूब मीच की ती! लाज वाटायला हवी होती, निदान रडू तरी. आत काहीच हललं नाही. शाल घेतली, नारळ धरला, फोटो काढून घेतला.

पाहुणे गेले तरी शाळा सुटायला वेळ होता. मी मोबाइल टेबलाच्या खणात टाकला आणि पहिलीच्या वर्गात सतरंजीवर लेकरांत जाऊन बसले.

"चला रे, पुस्तकं काढा. वाचू या."

लेकरं पटापट उठली. भिंतीला पाठ लावून ओळीत उभी राहिली. पुस्तकं उघडून छातीशी धरली, चित्रं माझ्याकडं करून, आणि हसऱ्या तोंडानं माझ्याकडं बघत राहिली.

"बसा रे," मी म्हटलं.

"फोटो निघाला का, बाई?" एकानं न हलता विचारलं.