मागच्या चाकाचा पाना

विमलच्या नंबरवरून फोन आला तेव्हा हॅलोच्या भानगडीत न पडता मी म्हटलं, "अगं, रविवारी पाना घेऊनच ये, माझं मागचं चाक पार डुगडुगायला लागलंय." पण पलीकडून तिच्या मुलाचा, अनिरुद्धचा आवाज आला. "मावशी, आई गेली. सकाळी चहा टाकायला उठली, आणि…" पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. आता महिना होऊन गेला, तरी फोन वाजला की ते पान्याचं वाक्य आधी ओठांवर येतं.

आमची मैत्री सायकलवरची. ती शनिवार पेठेत राहायची, मी कसब्यात. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस, मी शाळेत शिक्षिका, आणि सकाळी नदीच्या पुलावर आमच्या सायकली शेजारी यायच्या. शहरात नव्या मोटारींच्या जाहिराती झळकायला लागल्या होत्या, शेजारीपाजारी हप्त्यांवर स्कूटर येत होत्या. आमच्याकडे मात्र सगळी ओढाताण. विमलच्या यजमानांचा कारखाना बंद पडला होता, माझ्याकडे सासूबाईंचं आजारपण. त्यात पावसाळा संपला की दोघींच्या सायकली कुरकुरायच्या, आणि चाकं उघडून ग्रीस भरायचं काम दुकानात द्यायचं म्हणजे महिन्याचा हिशेब कोलमडायचा. शेवटी विमलनेच जाहीर केलं की हे आपण घरी करायचं, प्रयोगशाळेत याहून नाजूक यंत्रं ती रोज उघडते.

चाकाच्या मधोमध हब असतो, त्यात छर्रे आणि ग्रीस. छऱ्यांवर दोन्ही बाजूंनी एकेक कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा नट, बसवलेला असतो आणि तो फिरवायला पातळ पाना लागतो, घरातला जाडजूड पाना तिथे शिरतच नाही. तो घ्यायला आम्ही मंडईमागच्या एका दुकानात गेलो. माप चुकू नये म्हणून विमलने सायकलचं पुढचं चाकच भाजीच्या मोठ्या पिशवीत घालून आणलं होतं. मागचं काढायचं तर चेन सोडवा, हात काळे करा, म्हणून पुढचं. दुकानदाराने हत्यारांची चकचकीत पेटी पुढे केली. विमलने ती जरा कुरवाळली आणि परत दिली. मग एकेक सुटा पाना कोनावर बसवून हलवून बघत राहिली. जो किंचितही खुळखुळला तो बाद, कारण तसला पाना कोनाच्या कडा खातो आणि मग कोनच नवा घ्यावा लागतो. दिसायला ओबडधोबड, किमतीला बेताचा, पण गच्च बसणारा असा एक अखेर सापडला. आम्ही वाटेत उसाचा रस पिऊन विजय साजरा केला. घरी येऊन मागचं चाक उघडायला गेलो, तर त्याचा कोन मोठा. दुसऱ्या दिवशी परत त्याच दुकानात. "काल मागचं चाक रजेवर होतं का?" मान वर न करता दुकानदाराने विचारलं.

पहिला पाना मी घेतला होता, दुसरा तिने घेतला. त्यामुळे पुढच्या चाकाचा पाना माझ्याकडे राहिला आणि मागच्याचा तिच्याकडे, आणि एकटीने आपली सायकल पुरती उघडणं दोघींनाही अशक्य झालं. ऐपत असती तर दोघींनी दोन्ही घेतले असते आणि मग आमचं पुलावरच्या नमस्कारापुरतंच राहिलं असतं, असं मला आज वाटतं.

दसऱ्याच्या आधीचा एक रविवार या कामाचा. छर्रे घरंगळून मोरीत जाऊ नयेत म्हणून खाली स्वयंपाकातली परात, शेजारी जुना टूथब्रश आणि वाटीभर रॉकेल. तिच्या यजमानांचं दिवसदिवस न बोलणं, माझ्या सासूबाई गेल्यावरचं रिकामं घर, हे सगळं आम्ही त्या परातीभोवती बोललो. चाक बसवलं की विमल ते उचलून धरायची आणि अलगद सोडायची. हवा भरायच्या व्हॉल्व्हची जड बाजू आपोआप डुलत खाली आली तर काम जमलं. नाही आली की माझ्याकडे बघायची. "फार आवळलंस. जरा विश्वास ठेव त्याच्यावर." मग खंडेनवमीला दोन्ही पाने एकाच पाटावर, हळदकुंकू आणि झेंडू वाहून, एका वर्षी तिच्याकडे, एका वर्षी माझ्याकडे. यंदा माझ्या पाटावर एकच होता.

पुढे अनिरुद्ध कॉम्प्युटर शिकला, हिंजवडीत लागला, त्या घराचे दिवस पालटले. परदेशातून येताना त्याने आईसाठी सायकलच्या हत्यारांचा अख्खा संच आणला, प्रत्येक मापाचा पाना असलेला. विमलने तो मला कौतुकाने दाखवला. आता तिचं माझ्यावाचून काही अडणार नव्हतं. पण रविवारी ती आली ती आपला जुना पाना घेऊनच. नव्या संचाचं काय, असं मी विचारलं. "शोकेसमध्ये ठेवलाय. पाहुणे बघतात." एवढं बोलून तिने परात पुढे ओढली.

गेल्या रविवारी अनिरुद्ध आला. रुमालात गुंडाळलेला पाना पुढे करून म्हणाला, "मावशी, आता जोडी तुमच्याकडेच राहू दे." मला तो घ्यावासाच वाटेना. जोडी पुरी झाली की त्या घरातून माझ्याकडे कुणी यायचं कारणच संपणार होतं. मी आधी चहा केला, मग परात काढली. आम्ही दोघांनी मिळून माझं मागचं चाक उघडलं, पुसलं, ग्रीस भरलं. त्याने कोन आवळला, चाक सोडलं, ते होतं तिथेच राहिलं. "फार आवळलंस," माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा विश्वास ठेव त्याच्यावर." तो चमकून माझ्याकडे बघायला लागला… मग त्याने कोन थोडा सैल केला. व्हॉल्व्ह डुलत डुलत खाली आला.

तो निघाला तेव्हा मी पाना पुसून त्याच्याच बॅगेत, लॅपटॉपशेजारी ठेवला. म्हटलं, आईची सायकल जिन्याखाली तशीच उभी असेल, तिचंही काम काढायला हवं, आणि पुढचं चाक उघडायला तुला इथेच यावं लागेल. शोकेसमधला संच त्यानेच आणलेला, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो चपला घालता घालता थांबला.

"खरंच की मावशी. आमच्याकडे पुढचा पाना कुठंय?"

येत्या रविवारसाठी मी परात काढून ठेवली आहे.