बंड्याची खाज आणि कांबळे डॉक्टर

कांबळे डॉक्टर वस्तीवर आले की स्कूटर स्टँडला लावायचे आणि माणसांना नमस्कार करायच्या आधी उकिडवे बसून कुत्र्याचा कान हुंगायचे. एक कान, मग दुसरा. दारातली माणसं तोवर ताटकळत उभी. मग गुडघे झटकत उठायचे आणि म्हणायचे, "हं, आता बोला. गाय कशी हाय?"

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. निरवांगीच्या अलीकडे आमची वस्ती. ऊस, गोठ्यात चार जर्सी गाई, दूध संस्थेला जायचं. वडील, म्हणजे तात्या, आणि आई तिथं राहत. मी बारामतीत शाळामास्तर. शनिवारी दुपारी एसटी धरून घरी यायचो आणि रविवारी संध्याकाळी परत जायचो. कांबळे डॉक्टर आमच्या भागातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात होते. मूळचे मोरगावकडचे, छप्पन्न साली बौद्ध झालेल्या घरातले. वडील त्यांचेही मास्तरच, पण पगार असूनही त्यांनी दारातल्या शेळ्या सोडल्या नाहीत. "मी डॉक्टर कॉलेजात झालो, पण हात शेळ्यांनी घडवला," असं ते सांगायचे. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं, आणि शर्टाचे खिसे कायम फुगलेले.

त्यांची आणि माझी ओळख झाली ती बंड्यामुळे, आणि त्या ओळखीची सुरुवात मला आजही खाली मान घालायला लावते. बंड्या म्हणजे आमचा तांबूस कुत्रा. खरं तर आईचा. ती गोठ्यात धार काढायला बसली की हा तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा. त्या पावसाळ्यात त्याला खाज सुटली. दिवसभर पंजे चाटायचा, भिंतीला अंग घासायचा, पोटाखालची कातडी लालभडक. आमच्याकडे कुत्र्याला खाज सुटली की एकच औषध ठरलेलं : ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. सगळ्यांनी सांगितलं आणि मी एका रविवारी ते चोपडलं. बंड्या हलला नाही. माझ्या हाताखाली शांत उभा राहिला, आणि मला वाटलं, त्याला बरं वाटतंय. पुढच्या शनिवारी आलो तेव्हा त्याच्या पाठीवर केस नव्हते, फोड होते.

गाय तपासायला आलेल्या डॉक्टरांनी त्याला बघितलं. कान हुंगला, बोटाला लागलेलं काळं तेल पंचाला पुसलं.

"हे कुणी लावलं?"

"मी," मी म्हणालो.

"ट्रॅक्टरला काय लावता मग? खोबरेल?"

ते हसले, पण लगेच शर्टाच्या बाह्या वर सारून कामाला लागले. साध्या साबणानं त्यांनी त्याला स्वतः धुतलं. मी बंबाकडं निघालो तर म्हणाले, "गरम पाणी नको, खाज आणखी पेटते. गार पाणी घाला, आणि साबण निघून पाणी नितळ होईपर्यंत घालत राहा." मग ब्लेडच्या पाठीनं कातडी हलकी खरवडून काचेवर घेतली आणि दवाखान्यात जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. खरजेचे किडे नव्हते.

ही बातमी महत्त्वाची होती, कारण तात्यांनी आधीच निर्णय सांगून टाकला होता. "हे गाईंना लागलं तर संस्थेत दूध घ्यायचं बंद करतील. दसऱ्याला गोठा सारवायचा, त्याच्या आत ह्याला टेम्पोत घालून भीमेपलीकडं सोडून येतो." त्या दिवशी आईनं भाकरी करपवल्या, आणि तिची भाकरी कधी करपत नसे.

"तात्या, ही खरूज न्हाय," डॉक्टर म्हणाले. "गाईला लागायची न्हाय. ह्याच्या अंगाला काहीतरी सोसत न्हाय. ते काय, तेवढं शोधायचं."

"मग एक सुई मारा की."

"सुईनं खाज झोपते, जात न्हाय. आठ दिसांनी उठून बसली की तुमी म्हणणार, डॉक्टर बोगस हाय."

मग त्यांचं शोधणं सुरू झालं. बंड्याचं झोपायचं पोतं उकळून उन्हात टाकलं. गोठ्याच्या कोपऱ्यात चुना मारला, पिसवा गेल्या. बांधावरचं गाजरगवत आम्ही हातात पिशव्या घालून उपटलं. खाज निम्म्यावर आली, पण गेली नाही. कानाला आंबूस वास येतच होता. डॉक्टर म्हणाले, "आता पोट. दूध आणि गहू बंद. दोन्ही एकदम. दीड-दोन महिने ज्वारीची भाकरी आणि मुगाचं बिनमिठाचं वरण. दुसरा कणसुद्धा न्हाय. जिभेला लागला तरी मोजदाद पहिल्यापासून."

आमच्या घरापुरतं हे सोपं होतं. पण बंड्या एका घरचा नव्हताच. वस्तीवर आमची धरून चार घरं, आणि प्रत्येक घरात पहिला घास कुत्र्याचा. कुणी दुधात कुस्करलेली चपाती द्यायचं, कुणी सणाची पोळी. डॉक्टर दारोदार समजावायला गेले. माझी चुलती, जिला सगळे काकू म्हणत, तिनं त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं.

"दारात आल्यालं मुकं जनावर रिकाम्या तोंडानं लावून देऊ व्हय? माझ्या सासूनं बी असं केलं न्हाय."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. पायरीवर बसले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "काकू, घास तुमचाच. भाकरी फक्त वैनींच्या हातची."

आणि तशी पद्धत पडली. आई रोज सकाळी बंड्याच्या भाकरीचे चार वाटे करून तीन घरी पोचवायची. प्रत्येक घर आपल्या ताटाशेजारी तो तुकडा ठेवायचं आणि बंड्या दारात आला की आपल्या हातानं द्यायचं. कुणाचा घास मोडला नाही, आणि बंड्याला चारही दारी एकच भाकरी मिळू लागली. त्याच्या तोंडावरची निराशा बघण्यासारखी होती.

तरी खाज राहिली. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा पंजे चाटणं सुरू. दसरा जवळ आला. तात्या टेम्पोवाल्याशी बोलून आले. वस्तीवर सगळे एकमेकांकडं संशयानं बघू लागले, आणि बहुतेकांचा संशय काकूवर. मीही त्यातलाच. "काकू चोरून पोळी देत असणार," हे मी तिच्या ओसरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो होतो. मग काकूनं बंड्याला दारात येऊ देणंच बंद केलं. वाट्याचा तुकडा आईला परत पाठवायची आणि कुत्र्याचा पहिला घास चुकला म्हणून स्वतः उशिरानं जेवायची.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी डॉक्टर आले. स्कूटरचा आवाज ऐकून बंड्या उसाच्या सरीतून वाऱ्यासारखा धावत आला. आम्ही कौतुकानं म्हणायचो, काय जीव लावलाय डॉक्टरांना. डॉक्टर उकिडवे बसले, डाव्या हातानं कान उचलला, आणि उजवा हात, जणू तो त्यांचा नव्हताच, खिशात गेला आणि बंड्याच्या तोंडापाशी आला.

काकू तिच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता तिनं विचारलं, "डॉक्टर, त्ये काय दिलंत?"

डॉक्टरांनी आपल्या हाताकडं बघितलं. बोटांना भुगा होता. बिस्किटाचा. दुधाचं, गव्हाचं बिस्किट.

बंड्या जीभ फिरवत होता. शेळीला हात लावायच्या आधी तिच्या तोंडात काहीतरी द्यायचं, ही डॉक्टरांची लहानपणची सवय. जनावर बदललं, पाला जाऊन बिस्किट आलं, पण सवय तीच राहिली. प्रत्येक भेटीत त्यांनी स्वतःचाच उपाय स्वतःच्या हातानं मोडला होता.

मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते मला नीट माहीत आहे. बिस्किटाचा भुगा हळूच पुसला असता आणि हवेवर खापर फोडलं असतं. डॉक्टर आधी मोठ्यानं हसले. मग दोन्ही खिसे उलटे करून अंगणात झटकले, कोंबड्या धावल्या. ते सरळ काकूच्या पायरीशी गेले.

"काकू, चोर मी हाय. तुमच्यावर उगाच आळ आला. माफ करा."

काकू म्हणाली, "एवढा शिकलाय, आन् हात अजून शेरडं राखतोय." मग सूप बाजूला ठेवून चहाचं आधण टाकायला आत गेली. मी तिथंच उभा होतो. माफी खरं तर मीही मागायला हवी होती. त्या दिवशी जमलं नाही. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन गेलो तेव्हा मागितली. काकू म्हणाली, "कांबळ्याच्या आधी आला असतास तर चकली खाल्ली असती तुझी." मग चकली घेतली.

डॉक्टर तात्यांसमोर येऊन बसले. "मोजदाद आजपासून. दसरा सोडा, संक्रांत धरा."

तात्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. "धरली," म्हणाले.

संक्रांतीच्या आधीच बंड्याच्या पाठीवर नवे केस आले, पहिल्यापेक्षा गडद. कानाचा वास गेला. डॉक्टर मात्र ही गोष्ट जिथं तिथं सांगत सुटले. जनावरांच्या शिबिरात, साहेबांसमोर, चहाच्या टपरीवर. कुणी कुत्रं खाजवतंय म्हणून आलं की विचारायचे, "काय घालता?" आणि समोरचा "काय न्हाय" म्हणाला की स्वतःचा किस्सा सुरू. तो ऐकून माणूस हसायचा आणि मग खरं सांगायचा. लाडू, पाव, लेकरांच्या हातची क्रीमची बिस्किटं. त्यांच्या त्या किश्शानं किती कुत्र्यांची खाज गेली असेल, कोण जाणे.

दोन-तीन वर्षांनी त्यांची बदली झाली, विदर्भात. निरोप घ्यायला वस्तीवर आले. आईनं त्यांना ज्वारीचं पीठ बांधून दिलं. काकूनं काही दिलं नाही, नुसती दारात उभी राहून म्हणाली, "तिकडं गेल्यावर खिसं शिवून टाका."

तात्या स्कूटरपर्यंत पोचवायला गेले. मी मागं होतो. बंड्या तात्यांच्या पायात पायात करत होता, आणि तात्या त्याला हाकलत नव्हते.

"डॉक्टर, एक सांगू का?" तात्या म्हणाले. "त्या दिशी तुमी हवेचं कारण सांगितलं असतं, तर मी टेम्पो बोलवलाच हुता. माझा कुणावर इस्वास ऱ्हायला न्हवता. तुमी सोताची चूक सांगितली, म्हणून वाटलं, ह्यो मानूस पुढचं बी खरं सांगल."

डॉक्टरांनी किक मारली. स्कूटर बांधावरून वळेपर्यंत तात्या तिथंच उभे राहिले. मग खाली बघून बंड्याला म्हणाले, "चल रं घरी. धार काढायची येळ झाली."