गोठ्यातलं व्रत

चहा हातात घ्या, पण तो माझ्या डोक्यावर ओतणार नाही असं कबूल करा, मगच सांगते. मी जे करून बसले ते ऐकून माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा कपाळावर हात मारला होता.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी बेबी सव्वा वर्षाची होती. बाळंतपणानंतर माझं पोट जे बिघडलं ते काही केल्या थांबेना. दिवसातून आठ-आठ वेळा टमरेल घेऊन पळायचं, आणि वर रक्त! हे सांगणार तरी कोणाला? त्यात गुडघे आणि मनगटं सुजलेली. बेबीला कडेवर घेतलं की हात लटलट कापायचा. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, मी नुसता वात आहे म्हणून सांगून ठेवलं होतं. तरी एक दिवस त्यांनी विषय काढलाच.

"शोभा, तुह्यानं पोरगी सांभाळनं होत नाई. बेबीले नाचनगावले कमलीकडे ठेवू दोन-चार महिने."

कमली माझी नणंद. तशी मायाळू आहे, पण दोन-चार महिने? एवढं लेकरू तेवढ्यात आईला विसरून जातं हो!

मग ह्यांना घेऊन मी गुपचूप वर्ध्याचा मोठा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, आतड्याला सूज आहे आणि सांधेही त्याच दुखण्यातून धरलेत. त्यांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी मला सतरंजीवर निजवून चार प्रकार शिकवले. पाय उचलायचा, गुडघा वाकवायचा, असे अगदी साधे.

"प्रत्येक प्रकार दहाच वेळा करायचा. उपाशीपोटी नाही. पोटात कळ आली किंवा सांधा सुजला तर त्या दिवशी बंद. महिन्यानं वजन बघू. आणखी उतरलं तर भरती व्हावं लागेल."

भरती! म्हणजे बेबी सरळ नाचणगावला.

घरात जागा कुठे? मी आमच्या गावी, हिंगणीला, परत आल्यावर गोठा गाठला. तिसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटावर उताणी पडून एक पाय वर केलेला, गाय माझ्याकडे बघतेय, आणि दारात शेणाची टोपली घेऊन आत्याबाई!

"अवं माय! काय करून राह्यली तू?"

आता व्यायाम म्हणावं, तर दवाखाना निघणार. दवाखाना निघाला की रोग, आणि रोग निघाला की बेबी चालली. माझ्या तोंडून निघून गेलं, "व्रत हाय, आत्याबाई!"

आत्याबाईंनी टोपली खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला. माझ्या वर राहिलेल्या पायाला नमस्कार करतात की काय, असं मला वाटलं.

"कोनं देलं?"

"वर्ध्याच्या एका बाईनं."

"मंग उपास?"

"उपास नाई."

"उपासाबिगर कोनतं व्रत असते वं? अन् कितीक डाव करतं?"

"दहा."

"दहा! देवाले का फसवतं? एकशे आठ करजो."

सांगा, तिथेच खरं बोलायला काय झालं होतं मला? पण नाही! दुसऱ्या दिवसापासून कडक उपास सुरू झाला. फराळाला साबुदाण्याची उसळ, तीही हिरव्या मिरच्या आणि ढीगभर शेंगदाणे घालून. ती खाऊन पोटात आग पडायची. नाही खाल्ली तर आत्याबाई म्हणायच्या, "व्रत मोडतं का काय?" एकशे आठ वेळा पाय उचलून गुडघे भोपळ्यासारखे झाले.

पण मी थांबते कुठली? मला वाटे, जोर येतोय, असाच येत असेल!

आठवडाभरात शेजारच्या तिघीजणी आपापलं गोणपाट घेऊन हजर. आत्याबाईही आल्या. त्यांचे गुडघे दहा वर्षांपासून धरलेले.

"मी म्हातारी. मले उपास झेपत नाई अन् दहाच्या वर होत नाई. देव माफ करन." असं म्हणून त्या आधी चहाभाकर खायच्या, दहादा पाय उचलायच्या आणि उठून जायच्या. मला त्यांची कीव यायची!

महिना भरला. व्रताच्या बाईंना भेटून येते असं सांगून मी ह्यांच्यासोबत वर्ध्याला निघणार, तर आत्याबाई नवं लुगडं नेसून तयार.

"मी बी येतो. व्रत देनाऱ्या बाईची ओटी भराची हाय."

झालं! बेबीला मांडीवर घेऊन मी एसटीत बसले होते. वर्धा जवळ आलं. पोरीला मी इतकं आवळून धरलं की ती रडायला लागली.

दवाखान्यात गेल्या गेल्या आत्याबाईंनी व्यायामाच्या बाईंना हळदीकुंकू लावलं आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या ओच्यात नारळ-खण घातला. डॉक्टर दारातून बघत राहिले.

"बाई, तुमचं व्रत लय पावलं!"

"कोणतं व्रत?"

मी काट्यावर उभी राहिले. वजन तीन किलो उतरलेलं. बाईंनी माझे गुडघे पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. "काय केलंस तू हे?"

मग काय, भोकाड पसरून मी सगळं ओकले. रक्त, आतडं, भरती, एकशे आठ, साबुदाणा, सगळं.

आत्याबाईंनी माझा सुजलेला गुडघा चाचपला. मग म्हणाल्या, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी बेबीले नाचनगावले पाठवलं असतं."

"अवं येडे, तुले आराम भेटावा म्हनून बोललो मी! मिरच्या कुटू कुटू मीच खाऊ घातल्या तुले..." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "डाक्टरसाहेब, हिले भरती नोका करू. पोरगी मी घेतो कडेवर. माहे गुडघे बरे झाले आता."

"बरे झाले? कसे?" बाईंनी विचारलं.

आत्याबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला, सतरंजीवर बसल्या आणि चारही प्रकार करून दाखवले. सावकाश, मोजून दहा. बाई बघतच राहिल्या.

"डॉक्टर, मी शिकवलं होतं ते असं!"

डॉक्टरांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. मऊ भात, ताक, व्यायाम बंद, आणि नंतर सासूबाईंच्या देखरेखीखाली. तसं कार्डावर लिहूनच दिलं.

बेबी कुठे गेली नाही. वजनही चढतंय हळूहळू. गोठ्यात आता आत्याबाई मोजतात, "दहा झाले. ऊठ. भात खा."

पण शेजारणी व्रत सोडायला तयार नाहीत! त्या म्हणाल्या, व्रताला कहाणी पाहिजे. मग आत्याबाईंनी रचली. दर सोमवारी गोठ्यात सगळ्या हातात तांदूळ घेऊन बसतात आणि आत्याबाई सुरू करतात, "एक होती सून. सातवी शिकलेली. तिले सांगतलं दहा, तं तिनं केले एकशे आठ..."

आणि हुंकार भरायला मला पुढे बसवतात.